तबकडीतला सूर नेमका कोणत्या पट्टीतला?

शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या गवयाची एकच ध्वनिमुद्रिका इंटरनेटवर दोन-तीन ठिकाणी ऐकून पाहा. एका जागी तो काळी एकमध्ये (म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून) गातो, दुसऱ्या जागी काळी दोनमध्ये. एकीकडे आवाज गुदमरलेला, दुसरीकडे चिरका. राग, चीज, लेबलावरचा क्रमांक सगळं तेच असतं. कधीकधी तर तबकडीची प्रतही तीच असते. तरीही गाणारा वेगळाच वाटतो.

याचं कारण आपण बहुधा संगणकात शोधतो. जुनं रेकॉर्डिंग 'साफ' करायचं म्हणजे एखाद्या सॉफ्टवेअरमधून काढायचं, खरखर गेली की झालं, अशी आपली समजूत असते. खरं तर आवाज संगणकात शिरण्याआधीच त्याच्या नशिबाचा बराचसा निकाल लागलेला असतो. तबकडी कशाने धुतली, तिच्यावर किती जाडीची सुई टेकवली आणि ती कोणत्या वेगाने फिरवली, या तीन गोष्टींत जे बिघडतं ते नंतर पूर्णपणे सुधारत नाही.

तबकडीत असतं काय, ते आधी पाहू. एडिसनच्या १८७७ सालच्या फोनोग्राफमध्ये सुई वर-खाली हलून आवाज कोरायची, आधी कथलाच्या पातळ पत्र्यावर आणि पुढे मेणाच्या नळकांड्यावर. बर्लिनरने १८८७ मध्ये पेटंट घेतलेल्या ग्रामोफोनमध्ये खाच डावी-उजवीकडे नागमोडी जाते. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या तबकड्या या दुसऱ्या जातीच्या. १९२५ पर्यंत या कामात वीज कुठेच नव्हती. गवई कर्ण्यात तोंड घालून गायचा, त्या आवाजाने पडदा थरथरायचा, पडद्याला जोडलेली सुई फिरत्या मेणावर तो थरकाप कोरायची. कर्ण्याला सगळा आवाज पकडता येत नसे. ढोबळ मानाने २०० ते २,००० हर्ट्झच्या आसपासचं तेवढं नीट उतरायचं. म्हणून त्या काळच्या अनेक मुद्रिकांत तानपुरा जवळजवळ नाहीच, डग्गा दबलेला आणि गळा मात्र ठसठशीत.

मेणावरून धातूचा साचा काढायचा आणि साच्यावरून लाखेच्या तबकड्या छापायच्या. ही लाख आपल्याच देशातली. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर वाढणाऱ्या किड्यांची ही लाख इथून जगभर जायची. पण तबकडीत तिचं प्रमाण निम्म्याहूनही कमी असतं. उरलेली दगडाची बारीक भुकटी, काजळी आणि कापसाचे तंतू. दगडाची भुकटी फक्त काटकसरीसाठी नव्हती. ग्रामोफोनची पोलादी सुई खाचेत फिरताना तिच्यावर घासून खाचेच्या आकाराची व्हावी, हाही हेतू होता. त्यामुळे कोरी तबकडीसुद्धा सतत 'स्स्स' असा आवाज करते, तिची घडणच तशी आहे. दुसऱ्या महायुद्धात लाखेची टंचाई झाली तेव्हा जुन्या तबकड्या दळून त्यांच्या नव्या काढल्या गेल्या. त्यांची खरखर आणखी जास्त.

आता धुण्याबद्दल. इथे एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे: लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. सुतार पॉलिशसाठी चपडा स्पिरिटमध्ये भिजवतो, तीच ही लाख. म्हणून स्पिरिट, सॅनिटायझर किंवा एलपीसाठी (नंतरच्या विनाइलच्या तबकड्यांसाठी) मिळणारी अल्कोहोलयुक्त द्रावणं लाखेच्या तबकडीला लावायची नाहीत. डिस्टिल्ड वॉटर, त्यात सौम्य डिटर्जंटचे दोन थेंब, मऊ ब्रश, पुन्हा साधं डिस्टिल्ड वॉटर आणि लगेच कोरडं करणं, एवढं बस होतं. लेबल भिजू द्यायचं नाही. मेणाची नळकांडी आणि एडिसनच्या जाड 'डायमंड डिस्क' यांना तर पाणीही वर्ज्य. त्या जाड तबकड्यांच्या आत लाकडाचा भुसा असतो आणि तो फुगतो.

मग येते सुई. ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीची खाच साधारण ०.१५ मिलिमीटर रुंद असते. एलपीची तिच्या निम्म्याहूनही अरुंद. एलपीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या १८ मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात) आसपास, तर ७८साठीच्या नेहमीच्या सुईची ७५. एलपीची सुई ७८च्या खाचेत टाकली तर ती भिंतींना नीट न टेकता थेट तळाशी जाते. तळाशी आवाज नसतो, शंभर वर्षांची माती असते. घरच्या घरी डिजिटल केलेल्या कितीतरी तबकड्या खरखरीने भरलेल्या असतात, त्याचं पहिलं कारण हेच. स्वस्त टर्नटेबलांवर ३३, ४५, ७८ असं वेगाचं बटण असतं, पण सुई मात्र एलपीचीच.

पण ७५ मायक्रॉनची सुई घेतली म्हणजे काम संपलं असंही नाही. बैलगाडीची चाकोरी आठवा. वर्षानुवर्षं एकाच जाडीची चाकं गेली की रस्ता एका विशिष्ट खोलीवर झिजतो. त्याहून रुंद चाक आणलं तर ते चाकोरीच्या वरच्या, न झिजलेल्या कडांवरून चालतं. तबकडीचं अगदी असंच आहे. त्या काळच्या साउंडबॉक्सचं, म्हणजे सुई बसवलेल्या डबीचं, शंभर ग्रॅमहून जास्त वजन पोलादी सुईवर पडायचं. आजच्या यंत्रात हा भार चार-पाच ग्रॅम असतो. त्या वजनाखाली भिंती एका ठरावीक उंचीवर घासल्या गेल्या आहेत. त्याच्या जरा वर किंवा जरा खाली टेकणारी सुई मिळाली, तर न झिजलेला भाग वाचता येतो आणि अचानक आवाज उजळतो. म्हणून जाणकार मंडळींकडे निरनिराळ्या जाडीच्या सुयांचा अख्खा संच असतो. त्यांतल्या काहींची टोकं मुद्दाम छाटलेली असतात, म्हणजे ती तळाला लागत नाहीत. कोणती सुई बसेल हे कोष्टकात मिळत नाही, तबकडीगणिक ऐकूनच ठरवावं लागतं. इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहाच्या ७८च्या तबकड्यांच्या प्रकल्पात यावर एक सरळ उपाय काढला आहे: एकाच वेळी वेगवेगळ्या मापांच्या चार सुया लावायच्या आणि चारही आवाज जपून ठेवायचे. कुठला चांगला ते ऐकणाऱ्याने ठरवावं.

झिजेबद्दल आणखी एक गोष्ट आपल्या संगीताला फार महागात पडली आहे. तबकडी फिरण्याचा वेग तोच राहिला, तरी सुई आतल्या वर्तुळांत आली की खाच तिच्याखालून हळू सरकते. दहा इंची तबकडीच्या बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे ९८ सेंटिमीटर खाच सरकते. लेबलाजवळ जेमतेम ४१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेला असतो. शिवाय तिथे पोचेपर्यंत पोलादी सुई बोथट झालेली. आता आपला गवई तीन मिनिटांत काय करतो? आधी अस्थायी, मग अंतरा, आणि शेवटी लय वाढवून ताना. म्हणजे सर्वांत बारीक, जोरकस आणि चपळ काम नेमकं तबकडीच्या सर्वांत वाईट जागी. जुन्या मुद्रिकांत शेवटच्या ताना 'फाटलेल्या' ऐकू येतात, त्यावरून गवयाचा गळा जोखू नये.

वेगाचा प्रश्न मला सगळ्यांत रंजक वाटतो, आणि सगळ्यांत जास्त हेळसांडही इथेच होते. '७८' हा आकडा पहिल्यापासून ठरलेला नव्हता. विजेच्या मोटारी आल्यावर मिनिटाला ३,६०० फेऱ्यांच्या मोटारीला ४६:१चा गिअर लावला, त्यातून ७८.२६ हा वेग निघाला आणि रूढ झाला. त्याआधी मुद्रणयंत्रं खाली उतरणाऱ्या वजनावर चालायची. मुद्रण करणारा साहेब वेग आपल्या सोयीने लावायचा, तोही दर बैठकीत सारखाच असेल असं नाही. सत्तर-बहात्तरचा वेग मुळीच दुर्मीळ नव्हता आणि लेबलावर तो बहुधा छापलेला नसे. पुढे १९७७ मध्ये केसरबाई केरकरांची भैरवी व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळात गेली, तेव्हा तिच्या आवरणावर फिरण्याचा वेग आकृती काढून सांगितला होता, एका फेरीला ३.६ सेकंद. परग्रहवासीयांची जेवढी काळजी घेतली गेली, तेवढी १९०२च्या हिंदुस्थानी गिऱ्हाइकाच्या वाट्याला आली नाही.

चुकीच्या वेगाने काय होतं? ७० वेगाने कोरलेली तबकडी ७८ने वाजवली तर पट्टी जवळजवळ एक पूर्ण स्वर चढते आणि तीन मिनिटांचं गाणं सुमारे २ मिनिटं ४० सेकंदांत आटोपतं. काळी एकमधला गवई काळी दोनमध्ये जातो, तानांना नसलेली चपळाई येते, आवाज पातळ होतो. 'जुनी माणसं काय चढी गात होती' या कौतुकात थोडा वाटा चुकीच्या टर्नटेबलचाही असू शकतो.

युरोपातल्या तबकडीचा वेग शोधणं त्या मानाने सोपं. गाण्याची लिखित प्रत असते, स्वर ठरलेला असतो; पियानोचा स्वर जुळला की वेग सापडला. आपला षड्ज मात्र फिरता. ज्याचा त्याचा सा. तबला, सारंगी, तानपुरा सगळे त्याच साला मिळवलेले, म्हणजे साक्षीदार सगळे एकाच घरचे. बाहेरचा साक्षीदार एकच, तो म्हणजे हार्मोनियम. तिच्या पट्ट्या ठरलेल्या, अधलामधला स्वर तिच्यात नाही. साथीला पेटी असेल तर शक्यता मोजक्याच उरतात. समजा ७८ला तिची एखादी पट्टी बरोबर जुळली, तर ७३.६ला अर्धा स्वर खालची जुळेल आणि ६९.५ला आणखी अर्धा स्वर खालची. या तिघांतून निवडायचं. कोणत्या वेगाला माणसाचा आवाज माणसासारखा वाटतो, तबल्याची थाप नैसर्गिक वाटते, तो बहुधा खरा. पेट्याही सगळ्या एकाच सुरात लावलेल्या नसत, तेव्हा थोडी तफावत धरूनच चालायचं.

इथे एक गमतीदार मदत होते. ग्रामोफोन कंपनीचा मुद्रणतज्ज्ञ फ्रेड गायसबर्ग १९०२ मध्ये कलकत्त्याला आला आणि ११ नोव्हेंबरला त्याने तिथल्या गौहर जान या गायिकेचं गाणं मुद्रित केलं. त्या काळच्या मुद्रिकांच्या शेवटी गायक आपलं नाव मोठ्याने सांगतो, 'माय नेम इज गौहर जान'. तबकड्या जर्मनीत हानोफरला छापल्या जायच्या आणि तिथल्या कारागिरांना कोण गातंय हे कळणं शक्य नव्हतं, म्हणून ही सोय, असं सांगितलं जातं. आज त्या घोषणेचा वेगळाच उपयोग होतो. गाण्यातला सूर मुद्दाम लावलेला असतो, पण बोलण्याच्या आवाजाला वेगातला फरक लगेच जाचतो. ६९.५ला बोलणं जड वाटलं आणि ७८ला चिरचिरलं, तर खरं उत्तर मधे कुठेतरी आहे.

मराठी रंगभूमीच्या तबकड्यांवर हा कान लावून पाहण्याचा उपायही डळमळतो. स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुष नटांचं गाणं कोणत्या वेगाला 'नैसर्गिक' म्हणायचं? बालगंधर्वांसारखा आवाज असेल तर दोन वेग सहज पटण्याजोगे वाटतात. अशा वेळी तबकडीवरच्या दुसऱ्या क्रमांकाकडे जावं लागतं. लेबलावरचा कॅटलॉगचा आकडा वेगळा आणि लेबलाच्या कडेने मूळ मेणात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक वेगळा. मॅट्रिक्स क्रमांकावरून कोणती मुद्रणं लागोपाठ झाली ते कळतं. एका बैठकीतल्या एखाद्या तबकडीचा वेग पेटीमुळे पक्का झाला, तर तिच्या शेजारच्या क्रमांकांनाही तोच असण्याची शक्यता मोठी.

वेगात मातब्बरही फसतात. स्कॉट द मार्टिनव्हिल या फ्रेंच गृहस्थाने ९ एप्रिल १८६० रोजी काजळी धरलेल्या कागदावर स्वतः गाऊन आवाजाची रेघ उमटवली होती. ती परत ऐकण्याचा त्याचा विचारच नव्हता. २००८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी त्या रेघेचं छायाचित्र घेऊन ती संगणकावर ऐकवली आणि जगभर बातमी झाली की कुणी मुलगी गातेय. शेजारी ट्यूनिंग फोर्कची रेघ होती, वेग त्यावरूनच काढला होता. पण फोर्कचं एक कंपन म्हणजे पूर्ण हेलकावा की अर्धा, यात गल्लत झाली होती. वेग निम्मा केल्यावर मुलीच्या जागी एक पुरुष सावकाश गाताना ऐकू आला. बहुधा स्कॉट स्वतःच.

आता संगणक. ध्वनिसंग्रहांत सेकंदाला ९६,००० नमुने आणि प्रत्येक नमुना २४ बिटांचा हे प्रमाण सर्रास वापरलं जातं. तीन मिनिटांची बाजू म्हणजे एका चॅनलचे १ कोटी ७२ लाख ८० हजार नमुने आणि दोन्ही चॅनल मिळून सुमारे १०४ एमबीची फाइल. आवाज २,००० हर्ट्झच्या पुढे फारसा नाही, मग एवढा खटाटोप का? कारण ओरखड्याचा 'टक्' फार वरच्या कंप्रतेपर्यंत पोचतो आणि तो तिथेच स्वच्छ वेगळा दिसतो. वरचा भाग आधीच कापला तर 'टक्' पसरून गाण्यात मिसळतो आणि पकडता येत नाही. कचरा काढायचा असेल तर आधी तो नीट मुद्रित करावा लागतो, असा हा उलटा न्याय आहे.

तबकडी मोनो असली तरी ती स्टिरिओ कार्ट्रिजनेच (सुईची थरथर विजेत बदलणाऱ्या भागाने) वाजवतात. खाचेच्या दोन्ही भिंतींवर गाणं तेच, पण ओरखडे निरनिराळे. दोन्हींची बेरीज केली की सुईच्या वर-खाली उडण्याचा गोंगाट आपसांत कटतो, किंवा जी भिंत कमी जखमी असेल ती एकटी घेता येते. एलपीसाठीचं इक्वलायझेशन (खालचे-वरचे स्वर ठरावीक प्रमाणात वाढवणं-कमी करणं) मात्र बंद ठेवायचं. कर्ण्याच्या काळातल्या मुद्रिकांना ते लागूच नाही.

मग खरखर काढणं. १९८०च्या दशकात ब्रिटनच्या राष्ट्रीय ध्वनिसंग्रहाच्या गरजेतून केंब्रिजमध्ये यावर काम झालं आणि त्यातून सीडर ही कंपनी उभी राहिली. 'टक्' काढायची युक्ती अशी: बिघडलेले काही डझन नमुने पुसायचे, त्यांच्या आधीची आणि नंतरची लहर पाहून मधली कशी असेल त्याचा अंदाज बांधायचा आणि तो तिथे भरायचा. एक मिलिसेकंदाची ही ठिगळं कानाला कळत नाहीत. पण सॉफ्टवेअर चुकूही शकतं. तबल्याच्या चाटीवरचा 'ना' त्याला ओरखड्यासारखा दिसू शकतो. संवेदनशीलता जरा जास्त ठेवली की ठेक्यातले बोल बोथट होतात आणि तबलजी थकल्यासारखा वाजवतो. सततची 'स्स्स' काढणं याहून धोक्याचं. त्या सळसळीतच सारंगीचे वरचे स्वरांश आणि गळ्यातला श्वास असतो. सळसळ वजा करता करता तेही जातं, आणि उरलेल्या जागी पाण्याखाली टिपरी वाजावी असे विचित्र स्वर ऐकू येतात.

कर्ण्याचा स्वतःचा घुमाराही काढता येतो का? थॉमस स्टॉकहॅम या अमेरिकी अभियंत्याने १९७०च्या दशकात इटालियन गायक कारुसोच्या मुद्रिकांवर हा प्रयोग केला. कर्ण्याने कोणते स्वर फुगवले असतील ते गणिताने काढून त्याने त्यांचा फुगवटा उतरवला. १९७६ मध्ये ती तबकडी बाजारात आली. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं खाचेत कधीच नसलेले वरचे स्वर 'भरून' देतात. ऐकायला छान लागतं. पण ते त्या गवयाचं नाही. तसं लिहून मग खुशाल ऐकावं.

तबकडी फुटलेली असेल किंवा सुई टेकवणंच धोक्याचं असेल तर? अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत कार्ल हेबर आणि विटाली फादेयेव या कणभौतिकीच्या संशोधकांनी खाचेची सूक्ष्म छायाचित्रं काढून त्यांतून आवाज मोजण्याची पद्धत बसवली. यंत्राचं नाव आयरीन. याच पद्धतीने २०१३ मध्ये १५ एप्रिल १८८५ या तारखेच्या मेणाच्या तबकडीतून खुद्द ग्रॅहम बेलचा आवाज मिळाला. 'हिअर माय व्हॉइस', असं तो त्यात सांगतो. बुरशी लागलेल्या नळकांड्यांना हा मोठा आधार आहे. पण आपल्या माळ्यावरच्या धडधाकट लाखेच्या तबकडीला आजही योग्य सुईच जास्त चांगला आवाज देते आणि ती परवडतेही.

अशा तबकड्या तुमच्याकडे असतील तर त्या उभ्या ठेवा, उन्हापासून आणि वाळवीपासून जपा, आणि तिरप्या उजेडात मॅट्रिक्स क्रमांकाचं छायाचित्र काढा. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे १९५०च्या आधीच्या मुद्रिकांचा तो हक्क संपलेला आहे. गीतकार आणि संगीतकाराचा हक्क वेगळा, तो त्यांच्या निधनानंतर ६० वर्षं चालतो; नाट्यपदांच्या बाबतीत तेवढं तपासून घ्यावं. इंटरनेटवर चढवताना साफ केलेली प्रत द्या, पण शेजारी काहीही न केलेली फाइलही ठेवा. आणि वर्णनात 'दुर्मीळ ठेवा' असं लिहिण्याऐवजी सुईचं माप, फिरवलेला वेग आणि मॅट्रिक्स क्रमांक लिहा. तुमचा वेग चुकला असला, तरी पुढच्याला त्यावरून दुरुस्त करता येईल.